म्हशीसमोरचा सराव

महादेवजी कोणाच्याही खेळाला चांगलं म्हणत नसत. चेंडू अगदी हवा तिथे पडला, तर "चालते" म्हणत आणि वांग्यांना पाणी वळवायला निघून जात. नाचणगावला त्यांचा दोन एकरांचा भाजीचा मळा होता. मळ्यामागच्या पडीक जागेत त्यांनी बेसबॉलचा संघ उभा केला होता. खेळ ते एका फाटक्या नियमपुस्तकातून शिकले होते. पुस्तकाची शेवटची पानं गायब होती, त्यामुळे सामना बरोबरीत सुटला तर पुढे काय करायचं, हे आम्हाला बरीच वर्षं माहीत नव्हतं.

मी पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा; ते कॅचर, तो झेलणारे. आम्ही दोघंच असलो की माझा चेंडू सरळ त्यांच्या ग्लोव्हमध्ये जाई. तिसरं कोणी पाहत उभं राहिलं की तो कुंपणात जाई. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस नागपूरच्या एका खात्यात खेळाडू म्हणून नोकरी निघाली. जागा एकच, तीही पिचरची. चाचणीच्या दिवशी मी काविळीने अंथरुणावर होतो आणि वयाच्या अटीनुसार पुढच्या वर्षी मी बाद होणार होतो. महादेवजी नागपूरला जाऊन साहेबांना भेटले. साहेब म्हणाले, चाचणी पुन्हा होणार नाही. पण अमेरिकेतली मुलं म्हणे खेळाची व्हिडिओ कॅसेट पाठवतात, तशी आणलीत तर पाहीन.

"तुहा हात बरोबर हाये," परत आल्यावर महादेवजी मला म्हणाले. "डोक्यात बिघाड हाये."

कॅमेरा जिथे उभा राहणार होता, तिथे त्यांनी खुंटी ठोकली आणि आपली म्हैस बांधली. मी चेंडू टाकायचा, म्हशीने पाहायचं. पहिल्या संध्याकाळी मी तिच्याकडे पाहिलं आणि चेंडू वालाच्या मांडवात गेला. महादेवजींनी तो शोधून आणला.

"काऊन घाबरतं बे? ती तुह्याकडे पाहून राह्यली. तिचं तुह्याबद्दल काई मत हाये का?"

मी नाही म्हणालो.

"कॅमेऱ्याचंबी नसते. फेक."

आठ संध्याकाळी हे चाललं. लोक कुंपणाशी थांबून विचारत, हे पाहून म्हैस दूध जास्त देते का. महादेवजी गंभीरपणे सांगत, थोडा फरक आहे. नवव्या दिवशी मी सलग तीस चेंडू ग्लोव्हमध्ये टाकले. म्हैस रवंथ करत होती. "चालते," महादेवजी म्हणाले.

शूटिंगला वर्ध्याहून सुरेश आला. त्याने तोवर फक्त लग्नं शूट केली होती आणि सवयीने तो मला नवरदेव म्हणत होता. महादेवजी इस्त्रीची पँट घालून आले होते. घडी मोडू नये म्हणून त्यांनी पायाचे पॅड काढून ठेवले होते. त्यांनी मला शेवटची ताकीद दिली, की काही झालं तरी कॅमेऱ्याकडे पाहायचं नाही. मी पाहिलं नाही. चेंडू नीट जात होते. शेवटी सुरेशने कॅमेरा त्यांच्याकडे वळवला आणि म्हणाला, "काका, जरा हसा." महादेवजींनी मान वळवली आणि ते हसले. चेंडू मी सोडला होता. तो त्यांच्या गुडघ्यावर बसला.

नागपूरला आम्ही दोघं गेलो, ते लंगडत. साहेबांनी कॅसेट लावली. वीस मिनिटं पडद्यावर फक्त माझा चेहरा होता. लग्नात चेहरे घ्यायचे असतात, चेंडू नव्हे. साहेब म्हणाले, चेंडू कुठे आहे?

"दिसत नाई ना?" महादेवजी म्हणाले. "मंग पाहा, किती जोरात असन."

साहेब कॅसेट बंद करायला उठले, तेवढ्यात पडद्यावर महादेवजी आले. हसले. कॅसेटभर चेंडू एकदाच दिसतो, तो इथे. पाठोपाठ त्यांनी घातलेली शिवी स्पष्ट ऐकू येते. साहेबांनी ते पुन्हा पाहिलं, मग समोर बसलेल्या माणसाकडे वळले. महादेवजींनी न सांगता पँट वर केली. गुडघा वांग्याच्या रंगाचा झाला होता. साहेबांनी मला दुसऱ्या दिवशी मैदानावर बोलावलं. तिथे तिघे जण खुर्च्या टाकून बसले होते आणि मी त्यांच्याकडेच पाहत राहिलो. महादेवजी कानाशी येऊन म्हणाले, "तीन म्हशी हायेत. फेक."

नोकरी मिळाली. खांदा गेल्यावर मी वर्तमानपत्रात आलो, आणि पुढे बऱ्याच मोठ्या माणसांसमोर मी न घाबरता बसलो, ते कसं, हे त्यांच्यापैकी कोणाला कळलं नाही. महादेवजी शेवटपर्यंत सांगत राहिले, की त्या दिवशी ते कॅमेऱ्याकडे मुद्दाम पाहत होते.

ते गेले, तेव्हा त्यांचं हलतं चित्र फक्त माझ्या कॅसेटमध्ये होतं. तेरवीला त्यांच्या पत्नीने, म्हणजे काकूंनी, ती मागवली. जेवणं झाल्यावर ओसरीत टीव्ही लावला. माझी वीस मिनिटं लोकांनी मुकाट्याने सोसली. मग महादेवजी आले, हसले, चेंडू बसला, शिवी घुमली आणि भरलेली ओसरी हसली. काकूंनी पदराने डोळे पुसले. त्याही हसत होत्या.

"अजून एकदा लावजो," त्या म्हणाल्या. "याचं तोंड नोको दाखवू."