विटक्या लुंगीचा नायक

दॉ म्या सेइनला सिनेमावाले सगळे अदॉ म्हणत, म्हणजे मावशी. तीस वर्षं ती रंगूनच्या सिनेमांतल्या पात्रांचे कपडे करत होती आणि नटाचं नि पात्राचं वाजलं की पात्राची बाजू घेत होती.

या वेळचं पात्र होतं नदीवरचा एक गरीब नावाडी. त्याच्यासाठी अदॉने खऱ्या नावाड्याची विटकी लुंगी पैदा केली, बदल्यात दोन कोऱ्या देऊन. देताना तो नावाडी तिच्याकडे असा बघत होता, जणू ही वेडी बाई घरच्यांची नजर चुकवून सुटून आली असावी. अदॉने लुंगी तीनदा धुतली, पण मांडीवर वल्हं घासून विरलेला पट्टा जिवापाड जपला. तसा पट्टा कुठल्या शिंप्याच्या बापाला जमणार?

नायक याझा थेटने ती दोन बोटांत उचलली आणि सोडून दिली. त्याला मंडालेचं रेशीम हवं होतं. दिग्दर्शक ऊ पो टिन पडला भिडस्त. म्हणाला, रेशीम तर रेशीम, पण प्रसंग सकाळच्या धुक्यातच घ्यायचा. अदॉही लगेच "बरं" म्हणाली. खरं तर तेव्हाच कुणीतरी घाबरायला हवं होतं.

सकाळी बघतात तो घाटावरच्या कपड्यांच्या खोलीच्या दारात आडवी दोरी, आणि दोरीवर अदॉच्या दोन ओल्या थमेइन. म्हणजे बायकांच्या लुंग्या. त्यांच्याखालून गेलं की पुरुषाचं तेज उतरतं, हे तिथल्या पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. म्हणून तर भल्या घरच्या बायका त्या मागच्या बाजूला, कमरेखाली वाळत घालतात. घाटावर बारा पुरुष उभे होते. खालून जाणं सोडाच, एकाचाही हात दोरीला लागेना. अदॉ रंगभूषेच्या दोन्ही पोरींना घेऊन मोहिंगा, म्हणजे माशाच्या रश्श्यातल्या शेवया, खायला गेलेली. रेशीम आत. विटकी लुंगी बाहेर खुर्चीवर, छान घडी करून ठेवलेली.

धुकं विरळ व्हायला लागलं. याझाने दोरीकडे पाहिलं, नदीकडे पाहिलं, काहीतरी पुटपुटला आणि लुंगी नेसला.

तो नावेत बसतोय तोच कोंबड्यांची टोपली घेतलेली एक बाई येऊन समोर टेकली. धुक्यात तिला कॅमेरा दिसलाच नव्हता.

"चल, पलीकडे."

"बाई, मी याझा थेट."

"असशील. वल्हव."

ऊ पो टिनने आयुष्यात पहिल्यांदाच धीर केला आणि कॅमेरा चालू ठेवायची खूण केली. याझा वल्हवू लागला. नाव वाकडी जातेय म्हणून बाईने वाटभर त्याचा उद्धार केला, आणि तो मान खाली घालून ऐकत गेला, अगदी नावाड्यासारखा.

परतल्यावर तो थेट अदॉसमोर येऊन उभा राहिला.

"अदॉ, तुझ्या त्या थमेइन कधी वाळणार?"

"हवा दमट आहे रे बाळा. लागतील चार दिवस."

"शूटिंग अजून पंधरा दिवस आहे," लुंगीची गाठ आवळत तो म्हणाला. "तेवढे लागू देत."