सुनेच्या जागी सासू

ओयदिन आमच्या गावच्या दवाखान्यात सुईण आहे. माझ्या दोन्ही पोरी तिच्याच हातावर झाल्या. हात हलका, बोलणं मोजकं.

खरबुजांचा हंगाम सरत आला की दवाखान्यापुढे बस उभी राहायची. नर्सा, शाळेतले मास्तर, कचेरीतले कारकून, सगळ्यांना सरकारी कापूस वेचायला नेत. नाही म्हटलं तर नोकरीवर पाणी सोडायचं. कुठल्यातरी शाळेच्या गार फरशीवर झोपायचं, पातळ चहात नान बुडवून खायचा आणि दिवसभर पऱ्हाटीत वाकायचं. ओयदिनच्या लेकीनं, शहलोनं, पहिलं पाऊल टाकलं तेही असंच, आई रानात असताना.

एका वर्षी बस आली तेव्हा शहलो तापानं फणफणली होती. छातीत घरघर. ओयदिन पोरीला कडेवर घेऊन दारात उभी, तिला काही सुचेना. तिची सासू, रोबिया आपा, आतून आली ती डोक्याला रुमाल बांधूनच.

"मी जाते तुझ्या जागी."

"आई, तुमचे गुडघे..."

"गुडघ्यांनी वेचतात का कापूस? तू पोरीकडे बघ."

हजेरी घेणारा माणूस तिच्याकडे बघतच राहिला. "ही ओयदिन?"

"कापसाला तोंड बघून काय करायचंय? हात बघ. दोन्ही जागेवर आहेत." बसमधल्या बायका खो खो हसल्या. त्यालाही हसू आवरेना. म्हणाला, "चढा, आजी."

थंडी पडल्यावर ती परतली. बोंडांच्या टोकांनी बोटं फाटलेली, खोकला जडलेला. शहलो मात्र अंगणात कोंबड्यांमागे पळत होती. सासूचे पाय कोमट पाण्यात घेऊन ओयदिन रडायला लागली.

"रडतेस काय? मजेत होते मी. तिथं सगळ्यांना तुझ्या अळणी सुपाबद्दल सांगितलं."

त्यानंतर दुसऱ्या बाळाचा विषय निघाला की ओयदिन नवऱ्याला, इक्बोलला, एकच उत्तर द्यायची. "बाळ पाळण्यात आणि मी पऱ्हाटीत? नको." आमच्या गल्लीत अशी आणखीही घरं होती.

मग एका वर्षी बातमी आली, नर्सांना आणि मास्तरांना आता कापसाला धाडायचं नाही. विश्वास कुणाचा बसतोय! ओयदिननं गाठोडं बांधून ठेवलंच. रस्त्यावर हॉर्न वाजला की दारात यायची. खरबुजं संपली, भोपळे आले, तरी कुणी बोलवायला आलं नाही. शेवटी तिनं मोठ्या डॉक्टरीणबाईंनाच विचारलं, "आम्ही निघायचं कधी?"

"कुठं? आत तीन बायका कळा देतायत. हात धू आणि चल!"

त्या संध्याकाळी तिनं भोपळ्याचं सारण भरून सामसे भाजले. शहलोनं विचारलं, "आई, तू कापसाला कधी जाणार?"

"नाही जाणार."

"मग आजी जाणार?"

"आजीला हौस असेल तर जाऊ दे बाई," ओयदिन म्हणाली आणि एवढी हसली की सामसा हातातून सुटला. रोबिया आपानं तो उचलून फुंकर मारून खाल्ला. "मीठ पडलंय या वेळी," म्हणाली.

कापूस अजूनही वेचला जातो. मजुरी बरी मिळते म्हणून इक्बोलची चुलतबहीण आपणहून जाते, दुखलं खुपलं की घरी राहते.

पुढच्याही वर्षी कुणी न्यायला आलं नाही, तेव्हा कुठे ओयदिनची भीती गेली. त्याच्या पुढच्या वर्षी तिचा मुलगा ऐन वेचणीच्या दिवसांत, तिच्याच दवाखान्यात जन्मला. पूर्वी त्या दिवसांत तिथं एखादीच नर्स असायची. आता पलंगाभोवती इतक्या जमल्या की डॉक्टरीणबाईंनी निम्म्यांना बाहेर काढलं. रोबिया आपाला आत घेतलं नाही, तर ती खिडकीतून सूचना देत राहिली. शेवटी कळा देता देता ओयदिनच ओरडली, "आई, हे काम मला येतं!"

बाळाचं नाव आपानं ठेवलं, ओमोन. म्हणजे सुखरूप. घरी आणलं त्या दिवशी इक्बोलनं पुलाव केला. तळाला थोडा करपला होता, पण आम्ही सगळ्यांनी कढई पुसून खाल्ला.