सुमनचं डोकं आणि माझा प्रयोग

मारेगावच्या शाळेत मी शास्त्र शिकवत असे, त्यामुळे बायकोचं डोकं खोटं दुखतं हे मला प्रयोगानं सिद्ध करता आलं.

महाराष्ट्र होऊन वर्षही झालं नव्हतं. यवतमाळच्या एका दवाखान्यात सुमनचं अपेंडिक्स काढलं. पाठीच्या कण्यात सुई देऊन कमरेखालचं अंग बधिर केलं होतं. घरी आल्यापासून ती आडवी असली की ठणठणीत, उठून बसली की डोकं धरायची.

"झोपलं की थांबते, उठलं की दुखते," आई भाकरी थापता थापता म्हणाली. "चुलीची वेळ बरोबर कळते त्या डोक्याले."

"मले खरंच बसवत नाही वो," सुमन मला म्हणाली.

(बायकोवर विश्वास ठेवावा, असं शास्त्राच्या पुस्तकात कुठं नव्हतं.) मी दारातून ओरडलो, "सुमन, केळापूरहून तुझे बाबा आले!"

चार दिवस पडून असलेली सुमन उठली, पदर सावरला आणि थेट अंगणाच्या दारात पोचली.

"पाह्यलं आई? चालते का नाही?" मी जिंकल्यासारखा हात वर केला.

तेवढ्यात ती चौकट धरून खाली बसली आणि भडभडून ओकली. डोकं दोन्ही हातांत, नजर मात्र रस्त्यावर.

"कुठी गेले बाबा?"

आई तव्यावरची भाकरी सोडून धावली. माझा हात अजून वरच होता.

दुसऱ्या दिवशी यवतमाळ गाठलं. डॉक्टर म्हणाले, "मास्तर, सुईच्या भोकातून कण्यातलं पाणी झिरपतंय. उभं राहिलं की मेंदूभोवतीचं कमी पडतं, म्हणून दुखतं. भोक बुजेपर्यंत आडवं ठेवा, चहा-पाणी भरपूर पाजा." हे त्यांनी घरी सोडतानाही सांगितलं होतं म्हणे. मी तेव्हा टांगेवाल्याशी हुज्जत घालत होतो.

मग मी खाटेच्या पायथ्याखाली विटा लावल्या, दिवसाला दहा कप चहा केला (आईच्या मते त्यातला एकही पिण्यालायक नव्हता). आठवड्यात सुमन हिंडूफिरू लागली. प्रयोगाबद्दल मात्र एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर मला बरं वाटलं असतं.

पाचेक वर्षांनी हर्नियासाठी तीच सुई मला टोचली आणि तेच डोकं उठलं. सुमननं न विचारता विटा लावल्या. तिसऱ्या दिवशी आत येऊन म्हणाली, "बाबा आले वो."

इतक्या वर्षांनी बोलली एकदाची! मी पडल्या पडल्या खदखदून हसलो. "बसू दे तुझ्या बाबाले केळापुरातच. मी काही तुझ्यासारखा भोळा नाही."

दारात सासरे उभे होते, हातात चहाची पुडी.

सुमनला खोटं बोलता येत नाही, हे शास्त्राच्या मास्तरला दोन्ही वेळा कळलं नाही.