कारण असलेला राग

जबलपूरच्या त्या दवाखान्यात ती बाई एका जागी बसतच नव्हती. बाकावरून उठायची, लेकीचं कपाळ चाचपायची, तिच्या डोळ्यांत बघायची, परत बसायची. मला चीड यायला लागली. माझा मुलगा आत वॉर्डात होता. शरीराची रोगाशी लढणारी ताकदच त्याच्या मेंदूवर उलटली होती आणि तो मला ओळखत नव्हता.

मी फोनवर मराठीत मुलाच्या आजाराबद्दल बोललेलं ऐकून ती म्हणाली, "हिलेबी हेच झालं होतं जी, मागच्या वर्षी."

"आता बरी आहे ना?"

"हो. डॉक्टर म्हणतात, मेंदू हळूहळू सावरून राहिला. पण आजाराची सुरुवात रागानंच झाली होती. विनाकारण ओरडायची, चावायची. आता जराशी चिडली तरी माझा जीव थाऱ्यावर राहत नाही. मी विचारते, काहून चिडली? तिनं कारण सांगितलं, की मंग माझ्या घशाखाली पाणी उतरते."

बोलता बोलता तिनं पुन्हा लेकीची हनुवटी वर केली. पोरीनं हात झटकला.

"बस करो ना, मम्मी!"

बाई पांढरी पडली. "काहून चिडली, बेटा?"

"तू सारखी माझ्याकडंच पाहून राहिली, इसलिए!"

बाईनं पिशवीतली बाटली काढली आणि घटाघटा पाणी प्यायली.

संध्याकाळी भरवताना मुलानं माझा हात ढकलला. मी त्या बाईसारखंच विचारलं, "काहून चिडलास रे?"

तो छताकडे बघत राहिला. मला तहान लागली होती, पण बाटली उघडवेना. मी पुन्हा विचारलं.