मार्टिनभाऊंना भावपूर्ण श्रद्धांजली

मळवली स्टेशनजवळच्या चौकात मी करकचून ब्रेक मारला, तेव्हा मार्टिन माझ्या शेजारच्या सीटवर बसून वडापाव खात होता. आणि समोरच्या खांबांना बांधलेल्या भल्यामोठ्या फ्लेक्सवर त्याला भावपूर्ण श्रद्धांजली वाहिलेली होती.

फ्लेक्स दणदणीत होता. मधोमध मार्टिनचा हसरा चेहरा, मागे ढग, ढगांतून किरणं. खाली ‘आमचे लाडके मार्टिनभाऊ. शोकाकुल : समस्त ग्रामस्थ, भाजे’. त्याच्याही खाली तरुण मंडळाच्या यच्चयावत पोरांचे फोटो. शोकाकुलांपैकी निम्म्यांनी गॉगल लावले होते.

“वंदना,” मार्टिन घास गिळून म्हणाला, “ह्यो मीच न्हवं?”

“तूच.”

“काय ल्हिलंय?”

“तू गेलास म्हणून लिहिलंय. चटणी सांडू नकोस सीटवर.”

माझा धंदा लोकेशन मॅनेजरचा. सिनेमावाल्यांना बंगला हवा, तळं हवं, डोंगराची कड हवी, की लोणावळ्यातून मला फोन येतो. जागा शोधायची, परवानग्या काढायच्या, गावाची समजूत घालायची, गर्दीसाठी माणसं पुरवायची, आणि युनिट गेल्यावर कचरा उचलायचा. यातलं शेवटचं काम बहुतेक वेळा एकटीने.

मार्टिनचा धंदा मरण्याचा. म्हणजे तो नट. इंग्लंडात वर्षानुवर्षं नाटकांत भाला धरून मागे उभा राहिला. मग एका जाहिरातीसाठी मुंबईला आला आणि इथल्या लोकांना त्याच्यात साक्षात जुलमी गोरा साहेब दिसला. तेव्हापासून तो कलेक्टर झालाय, कॅप्टन झालाय, चहाच्या मळ्याचा मालक झालाय, आणि प्रत्येक वेळी मध्यंतरानंतर मेलाय. वाघाने खाल्लंय, तोफेने उडवलंय, एकदा तर हिरॉइनने विहिरीत ढकललंय. एकाही सिनेमात तो शेवटच्या रिळापर्यंत पोचला नाही.

पण माणूस हुशार. असं मरून मरून जे साठलं, त्यातून त्याने भाज्यात एक बंद पडलेलं कोंबड्यांचं शेड घेतलं आणि तिथे चीज करायला लागला. गावातल्या बायका त्याच्याकडे दूध घालतात. मराठी तो त्यांच्याकडूनच शिकला, त्यामुळे मावळातल्या आजोबासारखं बोलतो. सुरुवातीला गावाने “दूध नासवायचा धंदा” म्हणून टिंगल केली. मग लोणावळ्यातलं एक मोठं रिसॉर्ट त्याचं चीज घ्यायला लागलं, तेव्हा टिंगल थांबली. यंदा त्या रिसॉर्टने नाताळची सगळी ऑर्डर त्याला दिली होती. ती नीट पार पडली तर वर्षभराचं काम मिळणार होतं, नाहीतर शेडला कुलूप. मार्टिन मला म्हणाला होता, “आता जगायचा धंदा जमला पायजे, वंदना. मरायचा कटाळा आला.”

आणि हा असा फ्लेक्स!

मी तिथूनच हौसामावशीला फोन लावला. हौसामावशी म्हणजे दूध घालणाऱ्या बायकांची पुढारी. शिवाय मी शूटिंगला देते त्या भाज्यातल्या एका डॉक्टरांच्या दगडी बंगल्याची साफसफाई तीच करते.

“मावशी, मार्टिन गेला असं कोणी सांगितलं?”

“सांगतंय कोन? म्या माज्या डोळ्यानं बगितला ना फोटू! बंगल्यात. हार घातलेला, म्होरं उदबत्ती. लय चांगला मानूस व्हता गं ताई… आता दूध बी कामशेतच्या डेअरीला घालतोय आमी…” आणि ती रडायला लागली.

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, आणि त्यामागोमाग तिडीक गेली.

झालं होतं ते असं. आठवड्यापूर्वी त्या बंगल्यात एका वेब सिरीजचं शूटिंग झालं. मार्टिन त्यात कॅप्टन. शूटिंग गोष्टीच्या क्रमाने होत नाही. जागा, तारखा, नट जसे मिळतील तसे सीन उरकतात. त्यामुळे कॅप्टनच्या मरणाचा सीन व्हायचा होता आणि त्याच्या शोकाचा सीन आधीच झाला होता. त्यात त्याची इंग्रज बायको हार घातलेल्या फोटोपुढे उभी राहते. मी डायरेक्टरला विचारलंही होतं, की इंग्रज बाई नवऱ्याच्या फोटोला झेंडूचा हार कशाला घालेल? तो म्हणाला, “ताई, प्रेक्षकाला कळायला नको का, माणूस गेलाय ते!”

आता आमच्या धंद्यात एक रीत आहे. जिवंत नटाच्या फोटोला हार घातला, तर ‘कट’ म्हटल्याबरोबर आधी तो हार काढायचा. फोटो उतरवून नटाच्या हातात द्यायचा, त्याने हसायचं, मग पुढचं काम. कितीही घाई असो. तुम्ही अंधश्रद्धा म्हणा. मी आदब म्हणते. या लोकांनी त्यातलं काहीही केलं नाही. वर आर्ट डिपार्टमेंटने, म्हणजे सेट सजवणाऱ्यांनी, कॅप्टनच्या वेषातला फोटो काढण्याचेही कष्ट घेतले नव्हते. मार्टिनच्या चीजच्या जाहिरातीतला, पांढऱ्या शर्टातला फोटो उचलला, पिवळट केला आणि टांगला. पॅक-अप झालं, युनिट पांगलं, फोटो भिंतीवरच राहिला. त्या दिवशी मी नेमकी भुशी धरणाच्या बाजूला दुसऱ्या जागेची पाहणी करत होते. मार्टिन तर त्याच रात्री राजस्थानला गेला, उंटावरून पडून मरायला. तिथे सेटवर सगळ्यांचे फोन काढून घेत होते. आज तो परतला, म्हणून मी त्याला स्टेशनवरून आणत होते.

“अगं पण मावशी, फोन करून विचारायचं ना!”

“केला की! बंद व्हता. गेलेल्या मानसाचा फोन बंदच आसतोय न्हवं?”

मी मार्टिनच्या हातात फोन दिला.

“मावशी, मी मेलो न्हाई,” मार्टिन म्हणाला.

पलीकडून एक किंकाळी आली आणि फोन बंद झाला.

मग मी प्रोड्युसरला फोन लावला. मलकानी त्याचं नाव. सगळं ऐकून घेतलं आणि मला म्हणतो कसा, “वंदनाजी, फ्लेक्स काढू नका हं! मस्त पब्लिसिटी आहे. फ्री!”

“अहो, माणूस जिवंत आहे!”

“तेच तर! लोक बोलतील. सिरीज येईपर्यंत राहू दे.”

“त्याचं दूध बंद झालंय. बायका कामशेतच्या डेअरीला घालायला लागल्यात.”

“नट आहे तो, वंदनाजी. दुधाचं काय घेऊन बसलात?”

आजवर मी प्रोड्युसरांचं बरंच ऐकून घेतलंय. तळ्यातलं पाणी निळं करून द्या म्हणणारा भेटलाय, डोंगर जरा डावीकडे हवा होता म्हणणाराही. पण दुसऱ्याचं जिवंत माणूस मेलेलं ठेवा, म्हणणारा हा पहिलाच. मी फोन कापला.

तोवर मार्टिनने रिसॉर्टला फोन लावला होता. खरेदीचं बघणाऱ्या मॅनेजरने हा फ्लेक्स येता-जाता पाहिला होता आणि ऑर्डर दुसरीकडे फिरवायला घेतली होती, हे आम्हाला नंतर कळलं.

“हॅलो, मी मार्टिन बोलतोय.”

पलीकडून घाबऱ्या आवाजात, “कोण?”

“मार्टिन. चीजवाला.”

खट्. फोन बंद.

आम्ही गाडी भाज्याकडे हाणली. मंडळाचा अध्यक्ष सोन्या पारावर खुर्च्या मांडत होता. मार्टिनला पाहून त्याच्या हातातली खुर्ची खाली पडली. मग त्याने मार्टिनचे दंड चाचपले, पोटाला बोट लावून पाहिलं आणि ओरडला, “आयला भाऊ! आयुष्य वाढलं की तुमचं!”

“आधी फ्लेक्स उतरव,” मी म्हणाले.

सोन्याचा चेहरा पडला. “उतरवतो ताई. पन सभा हाये आत्ता. शोकसभा. तालुक्यावरनं सायेब येऊन ऱ्हायल्यात. आता कसं सांगायचं, का मयत रद्द झालं म्हनून?”

रद्द! जणू गाडी रद्द झाली. माझा पारा चढायला लागला होता, पण मार्टिनचे डोळे चमकत होते. शेवटी नट तो. म्हणाला, “मला आयकायचंय.” आणि मागच्या रांगेत जाऊन बसला.

साहेब आले. पांढरेशुभ्र कपडे, गळ्यात उपरणं. पुढे येता येता त्यांना मार्टिन दिसला. ते थबकले, त्याचे दोन्ही हात हातात घेतले आणि गंभीरपणे म्हणाले, “धाकटे बंधू का? विलायतेहून आलात? सावरा स्वतःला.”

“व्हय,” मार्टिन म्हणाला. “लय अवघड हाय.”

मी तोंडात पदर कोंबला.

साहेब पाऊण तास बोलले. मार्टिनभाऊंनी या मातीसाठी देह झिजवला. मार्टिनभाऊ माझ्याकडे नेहमी सल्ल्यासाठी येत. एकदाही गेला नव्हता बिचारा! बायकांच्या बाजूला कुजबुज सुरू झाली, कारण त्यांनी मार्टिनला ओळखलं होतं. शेवटी हौसामावशी उठली. भाषण चालू असतानाच ती तरातरा मागे गेली आणि तिने मार्टिनच्या पाठीत असा रट्टा घातला, की साहेबांचं वाक्य अर्धंच राहिलं.

“मुडद्या! रडवलंस की रं आमाला! चार दिस घास ग्वाड लागंना!”

“माजी काय चूक, मावशी?”

“तुजीच! हार घालून घ्याचं काम करावंच कशाला मानसानं?”

सभा मोडली. साहेबांनी प्रसंगावधान राखून मार्टिन जिवंत असल्याबद्दल लगेच त्याचा सत्कार केला. हार तयार होताच. पण मार्टिनचं लक्ष बायकांकडे होतं. त्याने हात जोडले. “उद्यापासनं दूध घाला, मावशी. न्हाईतर नाताळचं काम जातंय. शेड बंद हुईल माजं.”

हौसामावशीने बाकीच्या बायकांकडे पाहिलं. मग म्हणाली, “घालू. डेअरीवाल्याला आमी बगतो. पन एक सांगते. सरणावरनं उठून आलेल्या मानसानं पुन्ना मरायचं नसतंय. शिनेमात बी न्हाई. चल, दे देवीम्होरं शबूद.”

“मावशी, त्यो माजा धंदा हाय.”

“मंग कर जा धंदा. दूध कामशेतला.”

मार्टिनने माझ्याकडे पाहिलं. मग उठला, देवळात गेला, देवीपुढे नारळ फोडला आणि शब्द दिला.

सकाळी शेडवर दूध आलं. आम्ही दोघं, हौसामावशी आणि एक किटली असे रिसॉर्टवर जाऊन धडकलो. मॅनेजर खुर्चीवरून अर्धवट उठला. मग धीर करून म्हणाला, “लेखी काही मिळेल का?” पेन्शनवाले बँकेत देतात तसा हयातीचा दाखला हवा होता त्याला! समोर माणूस उभा असताना! हौसामावशीने किटली त्याच्या टेबलावर आदळली आणि म्हणाली, “थांबलाय का ह्येचा श्वास? बग नाकाला हात लावून.” ऑर्डर परत मिळाली.

पण मलकानी उरला होता. तीन दिवसांनी डोंगराच्या कडेला कॅप्टनच्या मरणाचा सीन लागला. मार्टिन लाल कोट घालून आला आणि शांतपणे म्हणाला, “मी मरनार न्हाई.”

“व्हॉट?”

“देवीला शबूद दिलाय.”

मलकानीचा चेहरा त्या कोटाच्या रंगाचा झाला. कॉन्ट्रॅक्ट, कोर्ट, सगळं बोलून झालं. “वंदनाजी, समजवा ह्याला!” तो माझ्यावर ओरडला. मी म्हणाले, “माझं काम जागेचं. जागा तुम्हाला दिलीय.” शेवटी त्याने फर्मान सोडलं, “हा नाही मरत, तर तुम्ही मारा. कॅमेरा लावा!”

कॅप्टनला मारणारे बंडखोर म्हणजे माझी गर्दीची माणसं, सगळी भाज्याची. सोन्या त्यांच्या पुढे, हातात कुऱ्हाड. डायरेक्टर ‘ॲक्शन’ म्हणाला. बंडखोर आरोळ्या ठोकत धावले, मार्टिनभोवती गोल करून उभे राहिले, आणि थांबले.

“मारा!” मलकानी किंचाळला.

“न्हाई मारत,” सोन्या म्हणाला. कुऱ्हाड खाली टेकवून त्याने कपाळाचा घाम पुसला. “कालच्याला फ्लेक्स उतरवलाय सायेब. पुन्ना कोन लावनार?”

त्याचं एवढं बोलून झाल्यावर सगळे बंडखोर खाली बसले. ऊन उतरायला लागलं होतं, आणि तो उजेड गेला की दिवस फुकट. डायरेक्टरने लेखकाला फोन केला. तासाभराने नवं पान आलं : बंडखोर कॅप्टनला जीवदान देतात, तो डोंगरात नाहीसा होतो, आणि घरचे मात्र त्याला मेलेला समजून फोटोला हार घालतात.

सिरीज आली. लोकांना सगळ्यात आवडलं ते कॅप्टनचं बचावणं. दुसऱ्या भागात तो परत येतोय, आणि मलकानी मुलाखतींतून सांगत फिरतोय की ती कल्पना मूळची त्याचीच. सांगू दे. मार्टिनने शेड वाढवलंय आणि शूटिंगच्या तारखा तो आता दुधाच्या वेळा बघून देतो.

मी मात्र माझ्या कामात एक बदल केला. मावळात कुठल्याही नटाला पडद्यावर मारायचं असेल, तर मी प्रोड्युसरला आधी विचारते, “त्याच्या दूधवालीला विचारलंत का?”