बुश बसेपर्यंत

लग्नानंतर दोन-तीन वर्षांनी ह्यांनी एक जुनी गाडी घेतली. साधा खड्डा आला तरी तिच्या पुढच्या चाकांतून असा खडखडाट व्हायचा की सारी गल्ली दारात यायची. मेकॅनिकने चाक हलवून पाहिलं आणि सांगितलं, आतले रबराचे बुश झिजलेत, लोखंडावर लोखंड आदळतंय; सकाळी गाडी सोडा, संध्याकाळी घेऊन जा.

ह्यांना ते पटलं नाही. "तो हातोडे मारून मारून बसवते. मी घरीच करतो," म्हणाले.

मला सातवा महिना सरत आला होता. पहिलं बाळंतपण, उमरेडला आईकडे जायचं ठरलेलं. डॉक्टरीणबाईंनी धक्के टाळायला बजावलं होतं, म्हणजे एसटी नको, आणि आमची गाडी तर एसटीच्याही वरताण. तेव्हा बुश बसले की माहेर, असा सरळ हिशोब होता. मला आईची इतकी ओढ लागली होती की भाजी निवडतानाही रडू यायचं.

नवे बुश आले, आणि फडताळात जाऊन बसले. रविवार आला की हे गाडीखाली पोतं अंथरून आडवे होत. बाहेर फक्त पाय दिसायचे. मी त्या पायांशी चहाचा कप ठेवून विचारायची, "झालं का जी?"

"पाहून राहिलो," असं खालून उत्तर यायचं.

एका रविवारी जॅकवर भरवसा नव्हता. पुढच्या रविवारी कोणीतरी सांगितलं की स्प्रिंग उसळली तर माणूस कामातून जातो. त्याच्या पुढच्या रविवारी नागपूरच्या उन्हाने रबर फुगलं असेल अशी शंका आली. इतका विचार ह्यांनी मला पाहायला आले तेव्हाही केला नव्हता.

शेवटी उमरेडहून माझा भाऊ आला. ट्रकची कामं केलेला माणूस. म्हणाला, "चला भाऊजी, दोघं मिळून दुपारपर्यंत मोकळे होऊ."

"आज नको. आज अमावस्या हे," हे म्हणाले.

ज्या माणसाला दिवाळीसुद्धा मलाच सांगावी लागे, त्याला अमावस्या आठवली. भाऊ पान खायला कोपऱ्यावर गेल्यावर मी ह्यांना गाठलं. "काहून टाळून राहिले जी? येत नसन तर मेकॅनिकले द्या."

हे स्वच्छ हात फडक्याला पुसत राहिले. "येते ना. सारं विचारून ठेवलं हे. गाडी खाली उतरवून चाकावर उभी केली का मंगच नट आवळायचे, तेही माहीत हे." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "पण बुश बसले का तू चालली."

मला राग आला, हसू आलं, आणि त्यांची फार माया वाटली. मी पुन्हा चहा टाकला.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी साबणाचं पाणी लावून सगळे बुश दुपारच्या आत बसवले. भावाला पाने-पक्कड हातात देण्यापलीकडे काम उरलं नाही.

त्याच संध्याकाळी निघालो. भाऊ मागे झोपला. गाडी आवाज न करता पळत होती. उमरेडचे दिवे दिसू लागले तेव्हा मीच म्हटलं, "जरा हळू घ्या ना जी."