बोलता येईल एवढ्याच वेगानं

“डायबेटिस आहे,” मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं. म्हणजे मधुमेह, रक्तातली साखर शरीराला नीट वापरता येत नाही. मी विचारलं ते एवढंच, की हे शाळेत कळवावं लागेल का?

तासगावच्या मुलींच्या शाळेत मी पीटीची बाई होते. लग्नाआधी साताऱ्याच्या मैदानावर शर्यती जिंकलेल्या. बाळंतपणांनंतर अंग सुटलं ते सुटलंच. कवायत दाखवताना मागच्या रांगेत मुली हसत. कशाला हसतात, हे मी कधी वळून पाहिलं नाही.

घरी दार लावून, नवऱ्याचा स्वेटर चढवून मी दोरीवर उड्या मारायची. डोळ्यांपुढे अंधारी आली की थांबायची. घामानं साडी भिजली की वाटायचं, चरबी वितळली. जेवणही टाळायची. फार तहान लागायची. ती उन्हाळ्यावर ढकलली. मग एका सकाळी सगळ्या शाळेसमोर, शिट्टी हातात असतानाच कोसळले.

मिरजेत लघवी आणि रक्त तपासलं. ईसीजी काढला, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांचा आलेख; तो चांगला आला. बाकावर वाट पाहताना ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून मी भिंतीकडे तोंड करून बसले.

व्यायाम काय करता, असं डॉक्टरांनी विचारलं. सोबत आलेल्या नवऱ्यानंच दोरीचं आणि स्वेटरचं सांगितलं. मान वर करायची सोय राहिली नाही.

डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, “घामानं उतरतं ते पाणी. धाप लागते तेव्हा शरीर जास्त करून साखर जाळतं, आणि तुम्ही लगेच थकून थांबता. बोलता येईल एवढ्या वेगानं चाला. त्यात चरबीचा वाटा मोठा असतो, शिवाय रोज बराच वेळ चालता येतं. आणि उपाशी राहू नका.”

गोळ्या सुरू झाल्या. पण पीटीच्या बाईनं भर रस्त्यात सावकाश चालायचं? पहिल्या दिवशी दारातूनच परत फिरले.

दुसऱ्या दिवशी सासूबाई चपला घालून उभ्या. मळ्याच्या वाटेवर मी सवयीनं पाय उचलला, तशा त्या मागून म्हणाल्या, “पळू नगंस. मला बोलाय माणूस पायजे.”

मग त्या बोलत राहिल्या आणि मी उत्तरं देत राहिले. इतक्या वर्षांत आम्ही एवढं बोललो नव्हतो. शाळेत पडल्याचं त्यांनी एकदाही काढलं नाही. एका सकाळी मीच सांगितलं, आणि वाटेतच रडले. त्या थांबल्या, माझं रडू ओसरल्यावर पुन्हा चालू लागल्या.

पुढच्या तपासणीला साखर उतरली होती. वजन अगदी थोडं.

ज्यांना हे दुखणं येईल, त्यांना सांगते: लाज अजून पुरती गेलेली नाही. समोरून शाळेच्या मुली आल्या की हात आपोआप पदराकडे जातो. पण आता त्या “नमस्ते बाई” म्हणतात तेव्हा मी त्यांच्याकडे बघून नमस्ते म्हणते, आणि तेवढा दम माझ्यात उरलेला असतो.